बॉम्ब पडतो कुठे? जर्मन जेट बॉम्बर ते ग्वाल्हेरची मिराज

लढाऊ म्हणून घडवलेल्या जेट विमानाला युद्ध चालू असताना बॉम्बर बनवता येते का? हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो 1943-44 च्या जर्मनीत. आपल्याकडे त्याचे सगळ्यात स्पष्ट उत्तर मिळाले 1999 च्या मे-जूनमध्ये, ग्वाल्हेरच्या महाराजपुरा हवाई तळावरच्या विमानांकडून. या दोन टोकांच्या मध्ये पंचावन्न वर्षे आहेत आणि त्या काळात आपल्या देशाच्या, काही प्रमाणात मराठी माणसांच्याही, हवाई इतिहासाचे बरेच धागे येतात. जर्मन जेट बॉम्बरबद्दल मराठीत लिहिले जाते ते बहुधा हिटलरच्या हट्टाची गोष्ट म्हणून. ती गोष्ट अपुरी आहे. विमानाखाली बॉम्ब टांगणे हा या कामातला सोपा भाग असतो. अवघड असते ते बॉम्ब नेमका पाडणे. त्यासाठी लागणारी तयारी युद्धाआधी कित्येक वर्षे झालेली असावी लागते. हे म्हणणे तपासण्यासाठीच हा आढावा घेत आहे.

ठाटीपूरमधल्या आमच्या दर्पण कॉलनीपासून महाराजपुरा काही किलोमीटरवर आहे. शिंद्यांच्या काळापासून ग्वाल्हेरला रुजलेल्या मराठी घरांत किल्ला, लष्करचा बाजार, गणपती आणि गाणे यांवर भरपूर बोलले जाते. डोक्यावरून जाणाऱ्या मिराज 2000 विमानांवर मात्र 'कारगिलला हीच गेली होती' याच्या पुढे फारसे बोलणे होत नाही. ती काय करायला गेली होती, कशाने ती ते करू शकली आणि ते किती अवघड होते, हे सांगायचे तर सुरुवात जर्मनीपासून करावी लागते.

मेसरश्मिट एमई 262 हे विमान जेट इंजिनांवर पहिल्यांदा उडाले 18 जुलै 1942 रोजी, लाइपहाइमच्या धावपट्टीवरून. वैमानिक होता फ्रिट्झ वेंडेल. ते मुळात शत्रूची विमाने पाडण्यासाठी आखलेले होते. नाकात 30 मिलिमीटरच्या चार तोफा, दोन पंखांखाली दोन जेट इंजिने आणि तेव्हाच्या कुठल्याही पंख्याच्या लढाऊ विमानाला गाठता येणार नाही असा वेग. 26 नोव्हेंबर 1943 ला इन्स्टरबुर्ग येथे हिटलरला ते उडवून दाखवण्यात आले. याला बॉम्ब नेता येतील का, असे त्याने विचारले आणि विली मेसरश्मिटने होकार दिला. दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरतील तेव्हा त्या गर्दीवर वेगाने येऊन बॉम्ब टाकणारे विमान हिटलरला हवे होते. पुढे 23 मे 1944 च्या बैठकीत, विमाने साधी लढाऊ म्हणूनच बनत आहेत आणि एकालाही बॉम्ब नेण्याची सोय नाही, हे त्याला कळले. तेव्हा एमई 262 बॉम्बर म्हणूनच बनले पाहिजे, असा हुकूम सुटला. बरोबर दोन आठवड्यांनी, 6 जूनला, नॉर्मंडीत फौजा उतरल्या. त्या दिवशी किनाऱ्यावर एकही एमई 262 नव्हते.

बॉम्बरचा हा प्रकार एमई 262 ए-2ए म्हणून ओळखला जातो. चारपैकी दोन तोफा काढल्या आणि नाकाच्या खाली 250 किलोचे दोन बॉम्ब टांगायची सोय केली. कागदावर बदल एवढाच. प्रत्यक्षात विमानाचा तोल बिघडला. पल्ला वाढवण्यासाठी वैमानिकाच्या मागे जादा इंधनाची टाकी बसवली होती. पुढचे बॉम्ब सुटले आणि मागची टाकी अजून भरलेली असली, तर शेपूट जड होऊन नाक एकदम वर उठे. म्हणून आधी मागच्या टाकीतले इंधन संपवायचे आणि मगच बॉम्ब सोडायचे, हा क्रम पाळणे वैमानिकाला भाग होते. चूक झाली की विमान हाताबाहेर जाई.

त्याहून मोठी अडचण नेमाची होती. या विमानात बॉम्ब टाकण्यासाठी स्वतंत्र साधन नव्हते. तोफांच्या नेमासाठी असलेली साधी काच वापरूनच अंदाजाने बॉम्ब सोडायचा. त्यात नवे विमान शत्रूच्या हाती पडू नये म्हणून सुरुवातीला हुकूम होता की शत्रूच्या प्रदेशावर 4000 मीटरच्या खाली उतरायचे नाही. एवढ्या उंचीवरून, त्या वेगात, त्या काचेतून पूल किंवा रणगाड्यांची रांग टिपणे शक्य नव्हते. मेजर वोल्फगांग शेंक याच्या तुकडीने 1944 च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये, आणि पुढे केजी 51 या बॉम्बर दलाने नायमेगेनच्या पुलांवर, हे विमान वापरले. वैमानिक अनुभवी होते आणि धाडसात कमी नव्हते. तरी लढाईवर परिणाम नगण्य राहिला.

नेमाचा प्रश्न मेसरश्मिटच्या अभियंत्यांना दिसत होता. त्यांनी एक प्रकार तयार केला, ए-2ए/यू2. यात नाकातल्या सगळ्या तोफा काढून तिथे काचेचे नाक बसवले. आत दुसरा माणूस पालथा झोपून लोटफे नावाच्या बॉम्ब-नेमयंत्रातून खाली पाहणार आणि बॉम्ब सोडणार. कल्पना योग्य दिशेची होती, कारण त्या विमानात नेम धरणारे डोळे आणि यंत्र पहिल्यांदाच आले. पण अशी दोनच विमाने घडली, तीही चाचणीपुरती. तोवर 1945 उजाडले होते.

हिटलरच्या हुकुमामुळे जर्मनीने जेट लढाऊ विमानांची संधी घालवली, हे मत युद्धानंतर जर्मन सेनाधिकाऱ्यांच्या आठवणींतून पसरले. मला ते पटत नाही. हुकूम आला मे 1944 मध्ये. एमई 262 ला लागणारे युमो 004बी इंजिन मोठ्या संख्येने बनू लागले तेच 1944 च्या मध्यावर. आधीच्या नमुन्यात निकेल, क्रोमियमसारखे धातू भरपूर लागत आणि ते जर्मनीकडे उरले नव्हते. म्हणून साध्या पोलादाला ॲल्युमिनियमचा लेप देऊन आणि पात्यांतून हवा खेळवून नवे इंजिन बनवले. त्याचे आयुष्य साधारण दहा ते पंचवीस तास होते. इतक्या तासांनंतर ते उतरवून दुरुस्तीला पाठवावे लागे. वैमानिकाने थ्रॉटल घाईने पुढे ढकलला की ते पेट घेण्याची किंवा बंद पडण्याची भीती असे. एकूण सुमारे 1,430 एमई 262 बनली, पण एका वेळी लढण्याजोगी असत ती थोडी. इंधनाची ओढाताण एवढी होती की धावपट्टीपर्यंत विमान स्वतःच्या इंजिनावर न नेता ट्रॅक्टरसारख्या वाहनांनी ओढत नेत. हुकूम आला नसता तरी 1944 च्या वसंतात आकाश भरेल एवढी इंजिने नव्हती. वेगवान लढाऊ विमानाने बॉम्बही टाकावा, ही कल्पनासुद्धा मूर्खपणाची नव्हती. आज जगातले जवळजवळ प्रत्येक लढाऊ विमान तेच करते. चूक होती ती नेमाचे साधन आणि प्रशिक्षण नसताना फक्त हुकुमाने विमानाचे काम बदलण्यात.

या विमानांचे कौतुक करताना एक गोष्ट वगळली जाते, ती वगळू नये. ऑस्ट्रियातल्या गुसेन छळछावणीजवळ डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांत एमई 262 चे सांगाडे बनत. ते काम कैद्यांकडून करून घेतले जाई, आणि त्या छावणीत उपासमार, मारहाण व अतिश्रमाने हजारो माणसे मेली. संग्रहालयातल्या चकचकीत विमानाकडे पाहताना ही माणसे आठवली पाहिजेत.

खऱ्या अर्थाने बॉम्बर म्हणून सेवेत आलेले पहिले जेट विमान मात्र मेसरश्मिटचे नव्हते. ते आराडो कंपनीचे एआर 234. वाल्टर ब्लूमे यांच्या कारखान्यात ते टेहळणीसाठी आखले गेले. सडपातळ शरीर, पूर्ण काचेचे नाक आणि एकच वैमानिक. शरीरात इंधन एवढे भरायचे होते की चाके आत ओढून घ्यायला जागाच उरली नाही. म्हणून सुरुवातीच्या नमुन्यांना चाके दिलीच नव्हती. विमान तीन चाकांच्या गाड्यावर बसून धावे, वर उठताना गाडा खाली सोडे आणि उतरताना पोटाखालच्या घसरपट्ट्यांवर घसरत थांबे. 30 जुलै 1943 रोजी राइनेहून ते पहिल्यांदा उडाले. या पद्धतीत गोम अशी होती की उतरलेले विमान जिथे थांबले तिथेच अडकून राही. क्रेन आणि गाडा येईपर्यंत ते हलवता येत नसे. दहा-वीस विमाने एकामागून एक उतरली असती तर धावपट्टीवर त्यांचा खच पडला असता. मार्च 1944 मध्ये चाकांचा प्रकार उडाला, एआर 234बी. शरीराचा मधला भाग थोडा रुंद केला आणि चाके बसली.

तरीही आत बॉम्बसाठी जागा नव्हती. बॉम्ब बाहेर, पोटाखाली आणि इंजिनांखाली टांगावे लागत, जास्तीत जास्त 1,500 किलोपर्यंत. त्याने वेग घटे. पण आराडोच्या माणसांनी नेमाचा विचार आधी केला होता, आणि मला हे विमान मेसरश्मिटच्या बॉम्बरहून महत्त्वाचे वाटते ते त्यासाठीच. लोटफे 7के हे नेमयंत्र वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये बसवलेले होते. लक्ष्य जवळ आले की वैमानिक तीन अक्षांचा ऑटोपायलट चालू करी आणि हातातला दांडा बाजूला वळवून ठेवी. मग खांद्याचे पट्टे सैल करून पुढे वाकून यंत्राच्या भिंगात पाही. यंत्रावरच्या खुणा लक्ष्यावर ठेवत राहिले की यंत्र ऑटोपायलटला सूचना देई आणि योग्य क्षणी बॉम्ब सुटे. सात-आठ जणांच्या बॉम्बरमधले काम एकट्या माणसाने, ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास वेगात, यंत्राच्या मदतीने करायचे. विमान स्वतः उडत राहील आणि माणूस फक्त लक्ष्यावर खूण धरून ठेवील, ही विभागणी पुढे कारगिलमध्ये आपल्याला पुन्हा भेटते.

एआर 234 चा सगळ्यात मोठा पराक्रम बॉम्बचा नव्हताच. 2 ऑगस्ट 1944 ला एरिख सोमर या वैमानिकाने नॉर्मंडीवरून एकट्याने उडून दोस्तांच्या साऱ्या उतरणतळांची छायाचित्रे आणली. त्याला कोणी अडवू शकले नाही. जर्मन सेनापतींना आठवडे न् आठवडे न मिळालेले चित्र एका उड्डाणात मिळाले. पण तोवर त्याचा उपयोग करण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. बॉम्बर म्हणून केजी 76 दलाच्या नऊ विमानांनी 24 डिसेंबर 1944 रोजी, अर्डेन्सच्या लढाईत, बेल्जियममधल्या लीएजवर पहिला हल्ला केला. नेतृत्व डीटर लुकेश याचे होते. मार्च 1945 मध्ये अमेरिकनांनी ऱ्हाइनवरचा रेमागनचा पूल शाबूत ताब्यात घेतला, तेव्हा आराडो आणि मेसरश्मिट दोन्ही जेट बॉम्बर त्यावर सोडण्यात आले. दहा दिवसांनी, 17 मार्चला, तो पूल कोसळला. पण तो आधीचे स्फोट, तोफांचा मारा आणि वाहतुकीचा ताण यांनी खिळखिळा होऊन पडला. तोपर्यंत अमेरिकनांनी शेजारी आपले तरंगते पूल बांधून घेतले होते.

इंजिनांची टंचाई इथेही नडली. युमो 004 ची मेसरश्मिटला गरज होती, म्हणून एआर 234सी या प्रकाराला बीएमडब्ल्यू 003 ही लहान इंजिने दोनऐवजी चार लावली. चार इंजिनांचा नमुना फेब्रुवारी 1944 मध्ये उडाला आणि चार जेट इंजिनांवर उडालेले ते जगातले पहिले विमान ठरले. पंख्याच्या विमानापेक्षा तो कितीतरी वेगाने वर चढे. कारखान्यातून मात्र युद्ध संपेपर्यंत मोजकीच बाहेर पडली. युंकर्स 287 या पुढे झुकलेल्या पंखांच्या बॉम्बरचा नमुना 8 ऑगस्ट 1944 ला उडाला. तो हाइनकेलचा सांगाडा आणि पाडलेल्या अमेरिकन बॉम्बरची चाके जोडून उभा केला होता. ती वाट पुढे रशियात गेली. आज जगात एकच एआर 234 शिल्लक आहे. नॉर्वेत शरण आलेले ते विमान वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या उद्वार-हेझी केंद्रात ठेवले आहे.

जर्मनीतले ज्ञान युद्धानंतर अमेरिका, रशिया, ब्रिटन यांनी वाटून घेतले, हे सगळे जाणतात. भारताच्या वाट्याला त्यातले काय आले, हे कमी बोलले जाते. डॉ. वि. मा. घाटगे 1930 च्या दशकात गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकले. मागे झुकलेल्या पंखांचा विचार ज्या वर्तुळात रुजला, तेच हे वर्तुळ. परतल्यावर ते बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये गेले. एचटी-2 हे प्रशिक्षण विमान त्यांच्या हाताखाली घडले आणि 1951 मध्ये उडाले. किरण हे जेट प्रशिक्षण विमान 1964 मध्ये. वायुसेनेच्या पिढ्यान् पिढ्या या विमानांवर शिकल्या. ज्यांना घाटगे हे नाव ठाऊक नाही अशा मराठी वाचकांनी ते आजपासून लक्षात ठेवावे.

दुसरा धागा कुर्ट टांक यांचा. फोके-वुल्फ 190 चा हा रचनाकार युद्धाच्या अखेरीस टीए 183 या जेटच्या आराखड्यावर काम करत होता. तो आधी अर्जेंटिनात गेला आणि 1956 मध्ये आपल्या चमूसह भारतात आला. त्याच्या नेतृत्वाखाली आखलेले एचएफ-24 मरुत 17 जून 1961 रोजी बंगळूरला उडाले. चाचणी वैमानिक होते सुरंजन दास. विमानाचे शरीर सुरेख होते, पण ज्या शक्तिमान इंजिनावर आराखडा बेतला होता ते ब्रिटिश इंजिन मिळालेच नाही आणि दुबळ्या ऑर्फियसवर भागवावे लागले. 10 जानेवारी 1970 ला मरुतच्या सुधारित नमुन्याच्या अपघातात दास गेले. अशी एकूण 147 विमाने बनली आणि 1971 मध्ये राजस्थानच्या सीमेवर जमिनीवरच्या हल्ल्यांसाठी ती चांगली लढली. जर्मनीला 1944 मध्ये जसे इंजिनाने अडवले तसेच ते आपल्यालाही 1961 मध्ये अडवत होते. आपल्या लढाऊ विमानांच्या इंजिनांबद्दल आजही चर्चा चालते, तिचे मूळ इथे आहे.

आराडोची मूळ कल्पना होती वेगावर भिस्त ठेवणाऱ्या, तोफांविना उडणाऱ्या जेट बॉम्बरची. तिचे प्रौढ रूप ब्रिटिश कॅनबेरामध्ये दिसते. ते भारतीय वायुसेनेत 1957 पासून होते. 18 डिसेंबर 1961 च्या सकाळी बारा कॅनबेरांनी गोव्याच्या दाबोळी धावपट्टीवर बॉम्ब टाकले, मग आणखी आठांनी. प्रवासी इमारतीला हात लावायचा नाही, फक्त धावपट्टी मोडायची, असा आदेश होता आणि वैमानिकांनी तो पाळला. तरी रात्री पोर्तुगीजांनी खड्डे कसेबसे बुजवले आणि दोन प्रवासी विमाने तिथून उडून कराचीला गेली. वीस बॉम्बर, निरभ्र आकाश, विरोध नाही, लक्ष्य लांबलचक धावपट्टी. इतके अनुकूल असूनही धावपट्टी एक रात्रसुद्धा बंद राहिली नाही. गोवा मुक्त झाला तो जमिनीवरून गेलेल्या सैन्यामुळे. उंचावरून टाकलेल्या साध्या बॉम्बची मर्यादा आपल्या जवळच्या इतिहासात याहून स्पष्ट दिसत नाही.

मग येते ग्वाल्हेर. फ्रान्सकडून मागवलेली मिराज 2000 विमाने 1985 च्या जूनअखेर महाराजपुऱ्याला उतरू लागली. वायुसेनेने त्यांना वज्र नाव दिले. ती पहिल्यांदा मिळाली क्रमांक 7 च्या स्क्वाड्रनला. ही स्क्वाड्रन डिसेंबर 1942 मध्ये उभी राहिली ती व्हेंजन्स या उभ्या सुरात खाली झेपावणाऱ्या बॉम्बरवर. म्हणजे 1944 मध्ये जर्मनीत एमई 262 ला बॉम्ब लावण्याची खटपट चालू होती, तेव्हा हीच स्क्वाड्रन इम्फाळ-कोहिमाच्या लढाईत जपान्यांवर बॉम्ब टाकत होती. नंतर क्रमांक 1 ची स्क्वाड्रनही मिराजवर आली. मिराजचे मुख्य काम हवाई संरक्षण. जमिनीवर हल्ला करता येत होता, त्यासाठी फ्रेंच लेसर-बॉम्बही होते, पण ते महाग, जड आणि संख्येने थोडे होते.

मे 1999. कारगिलच्या शिखरांवर घुसखोर पक्के ठाण मांडून बसलेले. 21 मे ला बटालिकजवळ टेहळणी करणाऱ्या कॅनबेरावर क्षेपणास्त्र आदळले, तरी वैमानिकांनी ते परत आणले. 26 मे ला वायुसेनेची 'सफेद सागर' मोहीम सुरू झाली. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, ही अट होती. दुसऱ्याच दिवशी एक मिग-27 इंजिन बंद पडून गेले आणि खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने एक मिग-21 पाडले. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा त्यात कामी आले. 28 मे ला एमआय-17 हेलिकॉप्टर पडले, चार जण गेले. खाली उतरून मारा करणे आता परवडणारे नव्हते. क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, खूप उंचीवर राहूनच नेम साधला पाहिजे, हे ठरले. 1944 च्या जर्मन वैमानिकांपुढचा पेच हाच होता. फरक एवढा की त्यांच्यावर उंचीचे बंधन हुकुमाने घातलेले होते आणि इथे शत्रूच्या क्षेपणास्त्रांनी.

आणि लक्ष्ये कशी? पंधरा ते अठरा हजार फुटांवरची दगडी मोर्चे, तंबू, कडेकपारी. एका कड्याच्या माथ्यावर टाकलेला बॉम्ब पन्नास मीटर चुकला तर तो शेजारी पडत नाही, दरीत शेकडो फूट खाली जाऊन फुटतो. विरळ हवेत बॉम्बचा मार्गही बदलतो आणि मैदानासाठी तयार केलेली कोष्टके तिथे जशीच्या तशी चालत नाहीत. जगात कुठल्याच वायुसेनेला एवढ्या उंचीवरच्या लक्ष्यांचा असा अनुभव नव्हता.

मिराजच्या तुकड्या ग्वाल्हेरहून पंजाबातल्या आदमपूरला हलल्या. महागडे फ्रेंच बॉम्ब प्रत्येक मोर्च्यावर उधळणे शक्य नव्हते. म्हणून आपल्याकडे साठ्यात असलेले 250 किलोचे साधे बॉम्ब मिराजला बसवण्याचे काम वायुसेनेच्या तंत्रज्ञांनी हाती घेतले. बॉम्ब टांगायची चौकट, विजेच्या जोडण्या, फ्यूज, विमानाच्या संगणकातली आकडेमोड, सगळे नव्याने जुळवावे लागले. मिराजचा संगणक बॉम्ब कुठे पडेल याचे गणित सतत करत राहतो, त्यामुळे साधा बॉम्बही पूर्वीपेक्षा नेमका पडू लागला. दोन आसनी मिराजच्या मागच्या आसनावरून हाती धरायच्या व्हिडिओ कॅमेऱ्याने मोर्च्यांचे चित्रण होऊ लागले. युद्धाआधी इस्रायलकडे मागवलेले लायटनिंग हे पॉड बसवण्याचे काम एरवी महिनोन् महिने चालले असते. इस्रायली अभियंत्यांच्या मदतीने ते काही दिवसांत उरकले. या पॉडमधला कॅमेरा दूरवरून लक्ष्य मोठे करून दाखवतो आणि लेसरची खूण त्यावर धरून ठेवतो. हजार पौंडी बॉम्बला लावलेले पेव्हवे संच त्या खुणेकडे बॉम्ब वळवतात. पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले होते, त्यामुळे अशा संचांसाठी लागणारे काही भाग जमवण्यातही खटपट झाली.

जूनच्या मध्यावर मिराजनी बटालिक भागातल्या मुंथो ढालो इथल्या शत्रूच्या पुरवठा तळावर साधेच बॉम्ब टाकले आणि तो तळ उद्ध्वस्त झाला. 24 जूनच्या सकाळी टायगर हिलवरच्या ठाण्यावर लेसर-बॉम्ब पडला. तो टाकणारे विंग कमांडर रघुनाथ नंबियार पुढे एअर मार्शल झाले. त्या हल्ल्याच्या वेळी सोबतच्या दोन आसनी मिराजमध्ये खुद्द वायुसेनाप्रमुख बसलेले होते, एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. साठीकडे झुकलेला मराठी वायुसेनाप्रमुख आपल्या वैमानिकांबरोबर युद्धभूमीवर उडतो, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जायला हवी होती. संपूर्ण युद्धात लेसर-बॉम्ब टाकले गेले ते हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच. 7 स्क्वाड्रनने हल्ल्याची सुमारे 240 उड्डाणे केली, 1 स्क्वाड्रनने संरक्षण आणि सोबतीची सुमारे 274. एकही मिराज गमावले नाही.

कारगिलमध्ये वायुसेनेचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. माझे मत स्पष्ट आहे. टायगर हिल जिंकली ती 4 जुलैला, 18 ग्रेनेडियर्स आणि त्यांच्या साथीच्या जवानांनी दोरावर चढून, समोरासमोर लढून. तोफखान्याचा मारा नसता तर तेही शक्य नव्हते. मिराजने शिखरे जिंकली नाहीत. तिने शत्रूचा दारूगोळा आणि रसद तोडली आणि उंचावर बसलेल्या माणसाची सुरक्षिततेची खात्री संपवली. याहून जास्त श्रेय देणे पायदळावर अन्याय आहे, आणि याहून कमी देणे ग्वाल्हेरच्या तंत्रज्ञांवर.

जर्मनांच्या आणि आपल्या अनुभवात फरक कुठे पडला? बुद्धी जर्मनांकडे कमी नव्हती. आराडोचे नेमयंत्र हे त्या काळचे अप्रतिम काम होते. पण त्यांचे इंजिन कच्चे होते, धातू नव्हते, इंधन नव्हते, जेटवर पुरेसे तास उडालेले वैमानिक नव्हते, आणि कारखान्यात राबत होते उपाशी कैदी. ग्वाल्हेरला 1999 मध्ये चौदा वर्षे वापरून अंगवळणी पडलेले विमान होते, त्याचा प्रत्येक बोल्ट ओळखणारे तंत्रज्ञ होते, पॉडची मागणी आधीच गेलेली होती. घाईत केलेली जुळवाजुळव टिकली ती या चौदा वर्षांच्या आधारावर. ज्यांना युद्धकाळातली आपली 'जुगाड' क्षमता हाच आपला गुण वाटतो, त्यांनी ही चौदा वर्षे विसरू नयेत. संच आणि पॉड वेळेवर, पुरेशा संख्येने आले असते तर त्या उन्हाळ्यात कदाचित काही जवानांचे प्राण वाचले असते. कारगिलमध्ये 527 जवान गेले. तयारीतला उशीर मोजायचा तर तो या आकड्यासमोर ठेवून मोजावा.

पुढचे थोडक्यात. मिराज विमानांचे आधुनिकीकरण झाले, आणि 26 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे बालाकोटवर गेलेली मिराज विमानेही ग्वाल्हेरचीच होती. त्या वेळी वापरलेले स्पाइस बॉम्ब लक्ष्याचे चित्र लक्षात ठेवून स्वतःच तिकडे जातात. लोटफेच्या भिंगातून पाहणाऱ्या एकट्या वैमानिकाचे काम आता खुद्द बॉम्बने घेतले आहे.

जर्मन जेट बॉम्बरचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चाचणी-उड्डाणाची तारीख युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. कारगिलच्या वेळी मिराजला बॉम्ब बसवणाऱ्या आपल्या एअरमन, आर्मरर आणि फिटर मंडळींच्या अनुभवाची तशी नोंद झालेली नाही. वैमानिकांच्या मुलाखती झाल्या, आणि व्हायलाच हव्यात. पण रात्र रात्र हँगरमध्ये उभ्या राहिलेल्या सार्जंट आणि वॉरंट ऑफिसरांना कोणी विचारले नाही. ती माणसे आता निवृत्त झाली आहेत, वये झाली आहेत, आणि त्यातली काही याच शहरात राहतात. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळांनी आणि महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांनी, गोपनीयतेचे नियम सांभाळून, त्यांच्याकडे जावे, बसावे आणि लिहून घ्यावे. तुमच्या घरात, शेजारात असा कोणी असेल तर या कामाला या आठवड्यातच सुरुवात करा.